कारकून विकणे आहे

"तट्टू विकणं म्हणजे काय, सोफा विकण्याहून सोपं," मी जेवता जेवता जाहीर केलं. "सोफा चार हमालांनी उचलून न्यावा लागतो. तट्टू आपल्या पायांनी गिऱ्हाइकाच्या घरी जातं. रविवारी संध्याकाळच्या आत विकून दाखवतो. नाही विकलं, तर तबेल्यातल्या त्याच्या खणात मी राहीन आणि त्याची चंदी खाईन."

"मग आत्ता पोटभर जेव," ताई म्हणाली. "चंदीला मीठ नसतं."

फर्निचरच्या दुकानात बावीस वर्षं काढलेला माणूस मी. माझ्याकडे गिऱ्हाईक आरसा घ्यायला येतं आणि कपाट घेऊन जातं, कारण आरसा कपाटाला आहेच. डुगडुगणारं टेबल मी 'जिवंत' म्हणून विकलंय. तेव्हा हात धुऊन मी थेट तबेल्यात गेलो, मालाची पाहणी करायला.

माल माझ्याकडे पाठ करून उभा होता. गिऱ्हाइकाला गादी किती घट्ट ते कळावं म्हणून आम्ही जशी थाप मारतो, तशी मी त्याच्या पाठीवर एक सणसणीत थाप मारली. पुढचं नीटसं आठवत नाही. एवढं खरं, की मिनिटाभरानं तट्टू बाहेर होतं, मी आत होतो, दाराची कडी बाहेरून पडलेली होती आणि माझी टोपी तट्टाच्या तोंडात होती.

भाची बादली घेऊन आली. तिनं मला पाहिलं, तट्टाला पाहिलं.

"मामा, इतक्यात? रविवार अजून लांब आहे."

या तट्टाचं नाव कारकून. रंग करडा, डोळ्यांभोवती पांढरी वर्तुळं, त्यामुळे चष्मा लावून बसल्यासारखा चेहरा. आणि स्वभावही तसाच. ताईच्या घोडेस्वारीच्या शाळेत अकरा वर्षं नोकरी, एक दिवस रजा नाही. सांगितलेलं काम करायचं, न सांगितलेलं करायचं नाही. चाळीस-पन्नास मुलं त्याच्या पाठीवर शिकून मोठी झाली, पण शाळा सुटली की तो फक्त भाचीचा. पाच वर्षांची होती तेव्हापासून.

अडचण अशी, की भाची आता तेरा वर्षांची झाली आणि वर्षभरात अशी काही वाढली, की रिकिबीतून पाय काढले तर ते जमिनीला टेकायचे. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, सहा पायांचं काहीतरी चाललंय. तिच्यासाठी मोठी घोडी ठरली होती, सोमवारी यायची होती. तबेल्यात खण पाच, घोडे पाच. म्हणजे एकाला जायला हवं होतं.

ताईनं घोड्यांच्या एका व्यापाऱ्याला सोमवारी सकाळी आठला बोलावून ठेवलं होतं. तोवर कारकून विकला गेला नाही, तर तो घेऊन जाणार. "कुठं नेणार?" असं भाचीनं त्याला विचारलं, तेव्हा तो दात कोरत म्हणाला, "जिथं मागणी असेल तिथं." त्या दिवसापासून पोरगी रोज तासतासभर कारकुनाला खरारा करत होती. इतका, की तो एका बाजूनं चकाकायला लागला होता. दुसऱ्या बाजूला पोचेपर्यंत तिला रडू यायचं.

म्हणून तर मी छाती पुढे काढली होती. नाहीतर मला काय हौस.

"माझ्या दोन अटी आहेत," कडी काढत ती म्हणाली. "खोटं बोलायचं नाही. आणि जे मूल कारकुनाला आवडेल, त्यालाच द्यायचा."

"अगं, विकायचं तट्टू आहे की मूल?"

"मामा."

"बरं, बरं."

आम्ही जाहिरात लिहायला बसलो. मी सांगत होतो, ती लिहीत होती. 'गुणी, शिकलेलं, शांत तट्टू. चल म्हटलं की चालतं, पळ म्हटलं की पळतं, उडी मारतं, मागे सरकतं, छोटी गाडी ओढतं. खेळांच्या स्पर्धांत सात बक्षिसं. लहान मुलांसाठी उत्तम. दोष एकही नाही.'

"दोष आहे," ती म्हणाली. "टोप्या काढतो. स्पर्धेत एक खेळ होता, समोरच्याच्या डोक्यावरची टोपी पळवायचा. तेव्हापासून त्याला वाटतं, तेही काम त्याच्याकडेच आहे."

"आमच्या दुकानात डागाला डाग म्हणत नाहीत, बाळा. नैसर्गिक छटा म्हणतात."

तिनं लिहिलं : 'टोपी घालून येऊ नये.' धंदा कसा करायचा हे या पिढीला कोण शिकवणार?

शुक्रवारी ताई घोडी आणायला परगावी निघाली. गाडीत बसता बसता म्हणाली, "गिऱ्हाइकं आली की रिंगणात शिरू नकोस हं. कठड्याबाहेर उभा राहून बोल."

मला वाटलं, माझ्या बुटांची काळजी. बहीण शेवटी बहीणच.

शनिवारी पहिलं गिऱ्हाईक आलं. वकील, वकीलबाई आणि दहा वर्षांचा चिरंजीव. चिरंजिवाचे बूट नवे, हातमोजे नवे, जाकीट नवं. हेल्मेट इतकं नवं, की किमतीचं लेबल अजून लोंबत होतं. वकीलबाईंनी जाहिरात वाचलेली नव्हती, त्या भली मोठी गवती टोपी घालून आल्या होत्या.

"जिंकतं का?" वकिलांनी विचारलं.

"साहेब, सात बक्षिसं!"

चिरंजिवाला खोगिरावर बसवलं. भाची कठड्याशी उभी राहिली. आता मला सांगा, दुकानाच्या दारात उभं राहून कधी कुणी माल विकलाय? शोरूमच्या मधोमध उभं राहायचं, दोन्ही हात पसरायचे आणि खणखणीत आवाजात बोलायचं, हा आमच्या धंद्याचा पहिला धडा. मी रिंगणाच्या मधोमध गेलो, हात पसरले.

"साहेब, कसलीही कटकट नाही. नुसतं 'चल' म्हणायचं."

कारकून चालायला लागला. मला बरं वाटलं. माल स्वतःच प्रात्यक्षिक देतोय, असं सुख सोफ्यात नाही.

"बघा! आणि 'पळ' म्हटलं की—"

कारकून पळायला लागला. चिरंजीव आधी खोगिरावर होता, मग खोगिराच्या वर होता, मग परत खोगिरावर.

"वाऽ!" वकील म्हणाले.

"मग! आणि 'उडी' म्हटलं, तर—"

रिंगणात रंगीत दांड्यांचे चार अडथळे मांडलेले होते. कारकून पहिल्याकडे वळला आणि सुंदर उडी घेऊन पलीकडे गेला. चिरंजीव पण गेला, पण खोगीर सोडून, मानेवरून. तिथं तो अजगरासारखा विळखा घालून लटकला.

"अहो!" वकीलबाई किंचाळल्या.

गिऱ्हाईक घाबरलं की खुलासा करायचा, हा दुसरा धडा. मी खुलासा केला. "घाबरू नका, बाई! उडी म्हणजे काही मोठी उडी नाही!" त्या एका वाक्यात कारकुनानं दुसरा आणि तिसरा अडथळा पार केला. "आणि पळतो म्हणजे— अहो, सांगितलं म्हणून पळ काढतो, नाहीतर तसा तो—" कारकुनानं वेग वाढवला. मी जितकं समजावत गेलो, तितकं तो काम उरकत गेला. "मागे बसा, बाई, मागे!" मी ओरडलो, आणि भरधाव निघालेलं तट्टू जागच्या जागी थबकून तुरुतुरु मागे सरकायला लागलं. चिरंजीव तेव्हा कुठल्या दिशेला होता, हे मला आजही सांगता येणार नाही.

"मामा, तोंड बंद!" भाची कठड्यावरून उडी मारून धावत आली, मला ढकलून मधोमध उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "थांब."

कारकून थांबला. चिरंजीव थांबला नाही. तो पेंढ्याच्या ढिगात गेला.

"हे जनावर नक्की कुणाच्या ताब्यात आहे?" वकिलांनी कोर्टातला आवाज काढला.

"तुमच्या चिरंजिवाच्या, साहेब."

"माझा चिरंजीव त्या ढिगात आहे!"

ढिगातून एक हात वर आला. "बाबा, परत!" आतून आवाज आला. पण वकीलबाईंनी निकाल दिला होता. त्या पोराला धरून गाडीकडे निघाल्या. टोपी परत मिळायला जरा वेळ लागला, आणि मिळाली तेव्हा ती परत घेण्यासारखी राहिलेली नव्हती. तेवढी गडबड होऊनही हेल्मेटचं लेबल मात्र जागच्या जागी होतं.

"तुला आईनं सांगितलं होतं ना, रिंगणात शिरू नकोस म्हणून?" भाचीनं कमरेवर हात ठेवले.

"मला वाटलं, बुटांसाठी."

तेव्हा मला खरा प्रकार कळला. अकरा वर्षं ताई रोज रिंगणाच्या मधोमध उभी राहून शिकवते. 'चल', 'पळ', 'उडी', 'मागे', 'थांब'. पाठीवर बसलेली पोरं घाबरलेली असतात, लगाम भलतीकडेच ओढतात, पाय भलतीकडेच मारतात. कारकुनानं फार पूर्वीच ठरवून टाकलं, की मधे उभा असलेला माणूस हा साहेब. तो म्हणेल ते करायचं. पाठीवर आहे ते टपाल. मधे कुणी नसेल, तर मग पाठीवरच्याला विचारायचं, आणि तेही तो अगदी शहाण्यासारखं करतो.

"म्हणजे दोष तट्टात नाही," मी म्हटलं.

"नाही," भाची म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली.

रविवारी सकाळी दातांची डॉक्टर आली. बरोबर सहा वर्षांच्या जुळ्या मुली आणि हातात वही. वहीत वीस प्रश्न. मी शहाणा झालो होतो. कठड्याबाहेर उभा राहिलो, ओठ शिवल्यासारखे मिटले आणि ठरवलं, की आज शब्द नाही. हातवारे करूनच माल विकायचा.

भाची खोगीर आणायला आत गेली. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी कारकुनाचं तोंड उघडलं. घोड्याचे दात बघून वय ओळखतात हे मला माहीत होतं. पण या बाई दहा मिनिटं बघत होत्या, खिशातून छोटा आरसा काढून. "मागची डावी दाढ सांभाळा," त्या म्हणाल्या. "गाजर कमी करा. आणि हे असं कचाकचा चावणं बरं नाही." मग वही नीट दिसावी म्हणून त्या उजेडाकडे सरकल्या. उजेड रिंगणाच्या मधोमध होता.

मी दोन्ही हात हलवून नको नको म्हटलं.

"प्रश्न पहिला," त्यांनी वाचलं. "चल म्हटल्यावर लगेच चालतो का?"

कारकून लगेच चालायला लागला. पाठीवर कुणी नव्हतं, मधे साहेब होता, काम सोपं होतं. बाईंनी बरोबरची खूण केली.

"प्रश्न दुसरा. पळ म्हटलं तर?"

जुळ्या मुली कठड्यावर चढून टाळ्या पिटत होत्या. मी उड्या मारत होतो, गळ्यावरून हात फिरवत होतो, तोंडावर बोट ठेवत होतो. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुमची अक्कलदाढ दुखते का हो?"

मी मान हलवली.

"हलवू नका, आणखी सुजेल. प्रश्न तिसरा. उडी?"

अशा रीतीनं त्यांनी वीसच्या वीस प्रश्न वाचले आणि कारकुनानं वीसच्या वीस उत्तरं दिली. तोंडी परीक्षेत असा विद्यार्थी मी पाहिलेला नाही. चौदावा प्रश्न 'मागे' असा होता. मागे म्हणजे नेमकी मी उभा होतो ती बाजू. कठडा जुना होता. कठड्यामागे मी होतो आणि माझ्यामागे घोड्यांना पाणी पाजायची टाकी. टाकीतून वर आलो, तेव्हा पंधरावा प्रश्न चालू होता.

भाची खोगीर घेऊन आली, तोवर सगळं संपलं होतं. कारकून रिंगणात घामानं निथळत उभा होता आणि मी टाकीबाहेर पाण्यानं.

"घेता का, बाई?" मी विचारलं. आता बोलायला हरकत नव्हती.

"पूर्ण मार्क दिलेत मी त्याला," डॉक्टरीणबाई वही मिटत म्हणाल्या. "म्हणूनच नको. इतकं चलाख आणखी एक आमच्या घरी नको. आमच्याकडे आधीच दोन आहेत." त्या दोघी तोपर्यंत एकमेकींना 'पळ' आणि 'उडी' सांगायला लागल्या होत्या. जाताना बाईंनी मला कार्ड दिलं. "दाढ दाखवून जा. पसरते ती."

दुपारी तीन वाजले. जाहिरात वाचून आणखी कुणी फोन केला नव्हता. मी ताईच्या नवऱ्याचा जुना स्वेटर घालून तबेल्यात गेलो. भाची कारकुनाच्या खणात पेंढ्यावर बसली होती. कारकून तिच्या डोक्यावरून मान काढून बाहेर बघत होता, ऑफिस सुटायची वाट बघावी तसा.

"उद्या आठला येईल तो," ती म्हणाली.

बावीस वर्षांत मी असं कधी बोललो नव्हतो, पण बोललो. "मला जमलं नाही गं."

"तू खणात राहणार आहेस ना? मग तो इथेच राहील आणि तुलाच पाठवू व्यापाऱ्याबरोबर." ती हसायला गेली, पण ते हसू अर्ध्यातच वाकडं झालं. मी तिच्याशेजारी बसलो. पेंढा टोचत होता. सोफ्याला लोक उगाच नावं ठेवतात.

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला.

दोन गल्ल्या पलीकडचा बेकरीवाला होता. भुवयांवर मैदा, मागे बेकरीची व्हॅन. बरोबर नऊ वर्षांचा मुलगा आणि सहा वर्षांची मुलगी. मुलगी एवढीशी होती आणि सगळे तिला टिकली म्हणत होते. म्हणजे तिच्याकडे बघत कुणी काही म्हणतच नव्हतं, पण हाक मारायची वेळ आली तर टिकली म्हणायचे.

"पोरासाठी बघायला आलो होतो," बेकरीवाला म्हणाला. "दिवसभर बॉल खेळतो. म्हटलं, जरा जबाबदारी येईल."

मी खोल श्वास घेतला आणि सगळं खरं सांगून टाकलं. टोप्या काढतो. मधे उभं राहून जो बोलेल त्याचं ऐकतो. माझं ऐकून वकिलाच्या पोराला पेंढ्यात टाकलं. डॉक्टरीणबाईंचं ऐकून मला टाकीत टाकलं. असं खरं बोलताना मला भर बाजारात शर्ट काढल्यासारखं वाटत होतं.

बेकरीवाल्यानं ऐकून घेतलं. "म्हणजे सांगितलेलं करतं?"

"तेवढंच करतं."

"आमच्या घरात सांगितलेलं करणारी एकच वस्तू आहे, पीठ मळायचं यंत्र. तेही महिनाभर बंद आहे. बघू तरी."

भाचीनं मुलाला बसवलं, पाय कुठं ठेवायचे, टाच किती लावायची ते सांगितलं आणि सगळ्यांना रिंगणाबाहेर काढलं. मला तर हाताला धरून. मधे कुणी नव्हतं, म्हणून कारकुनानं पाठीवरच्याला विचारलं. टाच लागली की चालला, लगाम आवळला की थांबला. दोन फेऱ्या अशा सुरेख झाल्या, की बघून मलाच तट्टू विकत घ्यावंसं वाटलं.

मुलगा मात्र जांभया देत होता. "बाबा, याच्यावर बसून बॉल मारता येतो का?"

इकडे कठड्याशी टिकलीचं सुरूच होतं. "दादा, मला दे ना! दादा, उतर ना! बाबा, मला! बाबा, दादाला सांगा ना! दादा, माझी पाळी!" दादानं ऐकलं नाही. बाबा पिठाच्या यंत्राचं काय बिघडलंय ते मला सांगत होते. तिची हाक वाऱ्यासारखी सगळ्यांच्या अंगावरून जात होती, आणि घरी रोज तसंच होत असणार, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

मग ती कठड्याखालून वाकून आत शिरली. तरातरा चालत रिंगणाच्या मधोमध गेली. कमरेवर हात ठेवले आणि दादावर जिवाच्या आकांतानं ओरडली, "थांब!"

कारकून थांबला.

टिकलीनं आधी मागे वळून पाहिलं. आपल्या मागे कुणीतरी मोठं माणूस उभं असणार, असं तिला वाटलं. कुणी नव्हतं. ती पुन्हा तट्टाकडे वळली. तट्टू तिच्याकडे बघत होतं, चष्म्यातून, पुढच्या हुकमाची वाट बघत.

"चल," ती हळूच म्हणाली.

कारकून चालायला लागला.

"बाबा," टिकली म्हणाली. आवाज इतका बारीक, की या वेळी सगळ्यांनी ऐकला. "बाबा, यानं माझं ऐकलं."

त्यानंतर पाव तास तिनं राज्य केलं. "थांब. चल. पळ. थांब. पळ. पळ! मागे. चल." दादा खोगिरावर डबा वाजावा तसा वाजत होता. "टिकले, पुरे! टिकले, उतरू दे! टिकले, तुला माझा बॉल देतो!" पण तो टपाल होता, टपालाला कोण विचारतं? बेकरीवाला कठड्यावर वाकून इतका हसत होता, की त्याच्या भुवयांवरचा मैदा खाली पडत होता.

शेवटी तिनं "थांब" म्हटलं, दादा घसरत खाली उतरला, लंगडत बाहेर आला आणि टिकलीचे शब्द संपले. ती नुसती उभी राहिली, धापा टाकत, डोळे मोठ्ठे करून.

आणि कारकून निघाला. कुणी 'चल' म्हटलं नव्हतं. तो आपण होऊन चालत तिच्यापाशी गेला, तिला वरपासून खालपर्यंत हुंगलं आणि मान खाली करून तिच्या खांद्यावर ठेवली. ती अर्धी खाली बसली, पण तिनं मान सोडली नाही.

भाचीनं माझ्या स्वेटरची बाही धरली होती. "मामा, त्याला कुणी बोलावलं?"

"कुणीच नाही."

"तो असा जात नाही कुणाकडे. सांगितल्याशिवाय कध्धी नाही."

मला दिसत होतं ते बोलू नये असं वाटत होतं, पण खोटं बोलायचं नाही ही अट होती. "तिच्या फ्रॉकच्या खिशात बन आहे."

"मला पण दिसतोय." तिनं बाहीनं नाक पुसलं. माझ्या बाहीनं. "असू दे. तू काल खिसे भरून गाजरं घेऊन फिरत होतास. तुझ्याकडे आला का?"

मग ती आत गेली. टिकलीला हेल्मेट घातलं, उचलून खोगिरावर बसवलं आणि तिच्या कानात सांगितलं, की वर बसल्यावर तोंडानं नाही बोलायचं, पायांनी बोलायचं, आणि अगदी हळू, गुपित सांगितल्यासारखं. मग ती स्वतः बाहेर आली. रिंगण रिकामं झालं. टिकलीनं टाच लावली. कारकुनानं कान मागे करून ते गुपित ऐकलं आणि अशा बेतानं चालायला लागला, जसं पाठीवर काचेचं सामान ठेवलंय. एक फेरी, दोन, तीन. टिकली आयुष्यात प्रथमच सलग दहा मिनिटं गप्प होती.

बेकरीवाल्यानं किंमत विचारली, मी सांगितली, तो "बरं" म्हणाला. घासाघीस नाही, काही नाही. मला थोडा अपमानच वाटला.

भाचीनं खिशातून फोन काढून व्यापाऱ्याला लावला. "काका, उद्या येऊ नका. हो, विकला. नाही हो, मामानं नाही. त्याचा तोच विकला गेला." फोन ठेवला आणि तिनं मला इतक्या जोरात मिठी मारली, की टाकीतलं उरलंसुरलं पाणी माझ्या कानातून बाहेर आलं. "रोज शाळेतून येताना बेकरीवरून येईन मी," ती म्हणाली. "टिकलीला उडी शिकवायचीय."

बेकरी दोनच गल्ल्या पुढे. म्हणून ठरलं, की कारकुनाला चालवत न्यायचं. टिकली खोगिरावर, शेजारून भाची दोर धरून, आणि मागून व्हॅन. व्हॅनमध्ये बेकरीवाला, त्याचा लंगडणारा मुलगा, गवताच्या पेंढ्या आणि मी. भाचीची मला सक्त ताकीद होती, की बेकरी येईपर्यंत बोलायचं नाही.

पहिली गल्ली झोकात पार पडली. लोक खिडक्यांतून बघत होते, टिकली कुणाकडे बघत नव्हती. राणी लोकांकडे बघत नसते.

मग चौक आला. मोठा, गोल चौक. मधोमध चबुतरा आणि चबुतऱ्यावर वाहतूक पोलीस.

"चल, चल!" पोलीस ओरडला, एका ट्रकवर. "पुढे चल! पळ लवकर!"

कारकुनानं मान वर केली. समोर गोल रिंगण, मधे उभा साहेब, खणखणीत आवाज. टिकलीनं टाच लावून सरळ जायला सांगितलं, भाचीनं दोर ओढला. पण वरचा हुकूम आला होता. कारकून पळायला लागला. पहिली फेरी झाली, दुसरी झाली. दोर भाचीच्या हातून सुटला आणि ती शेजारून धावायला लागली, हसत हसत, पोट धरून. पंधरा दिवसांत ती अशी हसली नव्हती. टिकली खोगिरावर ताठ बसून ओरडत होती, "भाऽऽरी!" त्यांच्यामागे आमची व्हॅन, व्हॅनमागे एक बस, बसमागे सायकलवाले. कुणाला बाहेर पडायला जागाच मिळेना.

"काय चाललंय काय? चल, बाजूला चल!" पोलीस चबुतऱ्यावर गोल गोल फिरत होता. तो जितका ओरडत होता, तितका कारकून मन लावून काम करत होता.

चौथ्या फेरीला मला राहवेना. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "साहेब, तुम्ही फक्त थांब म्हणा!"

"काय?"

"थांब म्हणा! मी म्हणून उपयोग नाही, तुम्हीच म्हटलं पाहिजे!"

"मी काय म्हणायचं ते तू मला शिकवणार?"

पाचव्या फेरीला मी म्हटलं, "एकदाच म्हणा, साहेब!"

"गाडी पुढे घे! चल!"

सहाव्या फेरीला मी हात जोडले. सातव्या फेरीला पोलिसाचा चेहरा लाल झाला. त्यानं आमच्या व्हॅनकडे बोट रोखलं आणि सगळा श्वास एकवटून ओरडला, "थांब!"

कारकून थांबला. जागच्या जागी, चारही पायांवर. टिकली थोडी पुढे गेली, मानेला धरून परत जागेवर आली आणि त्याला थोपटत म्हणाली, "शहाणा!"

बेकरीवाला हसून हसून डोळे पुसत होता, त्याला ब्रेक जरा उशिरा आठवला. तट्टाला चुकवायला त्यानं चाक वळवलं आणि व्हॅन चबुतऱ्यावर चढली. पोलीस आधीच उतरला होता. चबुतरा पडला. कुणाला लागलं नाही. चौक पावणेदोन तास बंद होता.